अमेरिकेच्या अंगवळणी पडलेलं जर्मनपण

अमेरिकेच्या 2020 च्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी लोकांनी आपलं मूळ जर्मन असल्याचं नोंदवलं. इंग्रज मूळ सांगणारे यापेक्षा थोडेच जास्त निघाले. तरीही आज तिथे 'जर्मन व्होट बँक' नाही, आणि पिढ्यान् पिढ्या घरात जर्मन बोलणारी कुटुंबं शोधायची तर बहुतेक आमिश आणि मेनोनाइट या जगापासून फटकून राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या वस्त्यांवरच जावं लागतं. मग एवढ्या माणसांनी त्या देशाला दिलं काय? याचं उत्तर म्हणून ख्रिसमस ट्री, हॅम्बर्गर, बिअर अशी यादी नेहमी वाचायला मिळते. ती खोटी नाही, पण ती स्वयंपाकघरापाशीच संपते. इथे बोलायचं आहे ते विचारांबद्दल: लहान मुलांना कसं शिकवावं, रविवार कसा घालवावा, सरकारी नोकरी कोणाला द्यावी, प्राध्यापकाला किती मोकळीक असावी, मुलावर आईबापाचा हक्क जास्त की राज्याचा.

विचारांचा प्रभाव मोजताना गफलत होते, कारण माणूस आणि कल्पना एकाच जहाजाने येतात असं नाही. म्हणून प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. कल्पना खरोखर स्थलांतरितांनीच आणली का? ती आल्यावर तिथल्या लोकांशी खटका उडाला का? उडाला नसेल तर ती बहुधा तिथे आधीपासूनच होती. आणि तिसरा, सगळ्यात कामाचा प्रश्न: जर्मन भाषा गेल्यावर ती कशाच्या आधाराने टिकली? जे फक्त भाषेच्या आणि मंडळांच्या जोरावर उभं होतं ते पहिल्या महायुद्धाच्या वादळात वाहून गेलं. जे शाळेच्या वेळापत्रकात आणि कायद्याच्या पुस्तकात शिरलं ते राहिलं, आणि इतकं मुरलं की आता ते जर्मन वाटतच नाही.

आधीचे लोक

1871 पर्यंत जर्मनी हा एक देश नव्हताच. छोटीमोठी राज्यं, संस्थानं आणि स्वतंत्र शहरं होती. त्यामुळे 'जर्मन' म्हणून अमेरिकेत उतरलेल्यांत प्रॉटेस्टंट, कॅथलिक, ज्यू, देवधर्म न मानणारे, शेतकरी, छापखानेवाले असे सगळे होते आणि त्यांचं आपापसात फारसं पटत नसे. 'जर्मनांचं मत असं होतं' असं वाक्य कुठे दिसलं की जरा थांबलेलं बरं.

1683 च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं फिलाडेल्फियाला पोचली. त्यांच्या आधी येऊन राहिलेला वकील फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस याच्या पुढाकाराने शहराजवळ जर्मनटाउन वसलं. पाच वर्षांनी, 1688 मध्ये, पास्टोरियससह इथल्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक निवेदन लिहून क्वेकर पंथाच्या सभेपुढे ठेवलं. युक्तिवाद साधा होता. जे आपल्यावर ओढवलेलं आपल्याला चालणार नाही ते दुसऱ्यावर का लादायचं? आणि या माणसांनी उद्या बंड केलं, तर शस्त्र न धरणारे आपण त्यांच्यावर तलवार उपसणार का? निवेदन मासिक सभेकडून तिमाही सभेकडे, तिथून वार्षिक सभेकडे सरकत गेलं आणि बाजूला पडलं. 1844 मध्ये ते कागदांत पुन्हा सापडलं. इंग्रजी वसाहतींतला गुलामगिरीचा हा पहिला लेखी निषेध मानला जातो. मात्र त्यातून पुढची चळवळ सरळ उगवली असं म्हणता येत नाही. मधली दीडशे वर्षं ते धूळ खातच पडलं होतं.

असंच सावधपण जॉन पीटर झेंगरच्या बाबतीत हवं. जर्मनीतल्या पॅलटिनेट प्रांतातून लहानपणी आलेला हा मुद्रक न्यूयॉर्कच्या गव्हर्नरवर टीका छापल्याबद्दल 1735 मध्ये खटल्यात उभा राहिला. त्या वेळच्या कायद्यात 'छापलेलं खरं आहे' हा बचाव चालत नसे, तरी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. वृत्तपत्र स्वातंत्र्याचा हा मैलाचा दगड. पण त्याच्या वृत्तपत्रातले विचार इंग्लंडमधल्या सरकारविरोधी लेखकांचे होते आणि ते लिहिणारेही बहुतेक दुसरेच होते. मुद्रक जर्मन, कल्पना इंग्रज. पहिल्याच प्रश्नावर हे उदाहरण गळतं.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या अनेक जर्मनांकडे जहाजाच्या भाड्याचेही पैसे नसत. कप्तान त्यांना उधारीवर आणी आणि बंदरात त्यांचा काही वर्षांच्या मजुरीचा करार विकून भाडं वसूल करी. करार फिटला की माणूस मोकळा. त्यांची संख्या एवढी वाढली की बेंजामिन फ्रँकलिनने 1751 मध्ये तक्रार लिहिली: हे लोक आपल्यासारखे होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून टाकतील. याच फ्रँकलिनने 1732 मध्ये जर्मन वाचकांसाठी वृत्तपत्र काढून पाहिलं होतं. ते चाललं नाही.

इथेच एक दंतकथा निकालात काढू. 'एका मताने जर्मन ही अमेरिकेची राजभाषा व्हायची राहिली' हे अजूनही फॉरवर्ड होत असतं. घडलं ते एवढंच: व्हर्जिनियातल्या काही जर्मनांनी 1794 मध्ये कायद्यांचं जर्मन भाषांतर छापावं असा अर्ज केला, आणि पुढच्या जानेवारीत प्रतिनिधिगृहातल्या त्या चर्चेदरम्यान सभा तहकूब करण्याचा ठराव 42 विरुद्ध 41 ने पडला. राजभाषेवर मतदान कधी झालंच नाही.

1848 चे पराभूत

विचारांच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार तुकडी संख्येने लहान होती. 1848–49 मध्ये जर्मन राज्यांत लोकशाही, राज्यघटना आणि एकीकरणासाठी उठाव झाले आणि चिरडले गेले. त्यातले काही हजार वकील, पत्रकार, डॉक्टर, विद्यार्थी अमेरिकेत पळून आले. त्यांना 'फोर्टी-एटर्स' म्हणतात. त्याच दशकात पोटासाठी आलेले लाखो जर्मन शेतकरी आणि कारागीर होते. या गर्दीला वाचायला जर्मन वृत्तपत्रं हवी होती आणि ती चालवायला हे पराभूत क्रांतिकारक तयार होते. प्रभावाचं यंत्र असं जुळलं.

त्यांनी दोन मुद्दे लावून धरले: गुलामगिरी नको, आणि परदेशात जन्मलेल्या नागरिकाला दुय्यम वागणूक नको. दुसरा मुद्दा हवेतला नव्हता. 1859 मध्ये मॅसॅच्युसेट्सने नवीन नागरिकांना मतदानासाठी आणखी दोन वर्षं थांबायला लावणारी दुरुस्ती केली. अब्राहम लिंकनने थिओडोर कॅनिसियस या जर्मन संपादकाला पत्र लिहून तिला विरोध कळवला. त्याच महिन्यात त्याने गुपचूप एक करार केला: स्प्रिंगफील्डच्या जर्मन वृत्तपत्राचा छापखाना लिंकनचा, चालवायचा कॅनिसियसने, आणि 1860 ची निवडणूक होईपर्यंत वृत्तपत्राने रिपब्लिकन पक्षाची बाजू सोडायची नाही. निवडणूक जिंकल्यावर छापखाना कॅनिसियसच्या नावे झाला आणि पुढे त्याला व्हिएन्नात वाणिज्यदूतपदही मिळालं. रिपब्लिकन पक्षाच्या 1860 च्या जाहीरनाम्यात नागरिकत्वाचे कायदे कडक करण्याला विरोध करणारं कलम आलं, ते याच दबावातून.

सगळे जर्मन लिंकनमागे होते असं मात्र नाही. कॅथलिक आणि जुन्या वळणाचे लुथरन बहुतेक डेमोक्रॅट राहिले, कारण रिपब्लिकनांच्या कळपात दारूबंदीवाले आणि परकीयांवर नाक मुरडणारेही होते. तरी गुलामगिरीवरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत पेटलेल्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत जर्मनीत जन्मलेले सुमारे दोन लाख सैनिक होते. 1861 च्या मे महिन्यात मिसूरीतलं सेंट लुईस आणि तिथलं शस्त्रागार उत्तरेच्या हातात राहिलं, ते मुख्यतः शहरातल्या जर्मन स्वयंसेवकांमुळे. यात व्यायाममंडळांचे लोक पुढे होते. 'टुर्नफेराइन' या नावाने सिनसिनाटीत 1848 मध्ये सुरू झालेल्या या संस्थांत डबलबार, घोडा, दोरी यांच्या जोडीला वाचनालय आणि वादसभा असे. शरीर कमावणं हे नागरिकाचं काम आहे, ही त्यांची धारणा. पुढे शिकागो, मिलवॉकी, सेंट लुईस अशा शहरांत त्यांच्या शिक्षकांनी व्यायामाचा तास सरकारी शाळांत आणला. मंडळं ओसरली, तास राहिला.

युद्धाच्या नियमांवरही एक जर्मन शिक्का आहे. बर्लिनचा फ्रान्सिस लीबर न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात शिकवत असताना त्याने उत्तरेच्या फौजेसाठी 157 कलमांची आचारसंहिता लिहिली: कैद्यांना कसं वागवायचं, नागरिकांच्या मालमत्तेला कधी हात लावायचा. 24 एप्रिल 1863 रोजी ती लागू झाली आणि युद्धाच्या नियमांबद्दलच्या पुढच्या हेग करारांचा पाया झाली. हाच लीबर आधी वीस वर्षं साउथ कॅरोलायनात प्राध्यापक होता आणि तेव्हा त्याने गुलाम बाळगले होते. युद्धात त्याचा एक मुलगा दक्षिणेकडून लढताना मेला, दुसऱ्याने उत्तरेकडून हात गमावला.

लोकरीचे सहा चेंडू

एखादी कल्पना परक्या भाषेतून सरकारी व्यवस्थेत कशी जाते, हे पाहायला किंडरगार्टनइतकं स्वच्छ उदाहरण नाही.

फ्रीडरिश फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या बालशाळेला हे नाव दिलं. त्याचं म्हणणं असं: सहा वर्षांखालचं मूल रिकामी पाटी नाही आणि छोटा पापीही नाही, ते खेळातून स्वतः शिकतं, मोठ्यांनी साधनं योग्य क्रमाने हातात द्यायची. साधनांचा क्रम ठरलेला. पहिल्या संचात लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसऱ्यात लाकडी गोल, दंडगोल आणि घन. तिसऱ्यात एक घन, तो उघडला की आठ लहान घन निघतात. मूल मोडतं, जोडतं आणि भाग व पूर्ण यांचं नातं बोटांनी समजून घेतं. प्रशिया या बड्या जर्मन राज्याच्या सरकारला यात नास्तिक समाजवादाचा वास आला आणि 1851 मध्ये बंदी आली; ती 1860 पर्यंत होती. बंदीने एकच केलं: फ्रोबेलच्या शिष्या देशोदेशी पांगल्या.

मार्गारेट शुर्झ त्यांतली एक. हॅम्बर्गला फ्रोबेलचं शिक्षण, मग लंडनला बहिणीच्या बालशाळेत काम, आणि 1856 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी स्वतःची मुलगी व नात्यातली चार मुलं घेऊन तिने अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन सुरू केलं. अर्थात जर्मनमधून. ते जर्मन मुलांपुरतंच राहिलं असतं तर आज त्याची नोंद स्थानिक इतिहासात मिळाली असती. पण 1859 मध्ये बोस्टनला तिची गाठ एलिझाबेथ पीबडी या शिक्षिकेशी पडली. शुर्झबाईंच्या लहान मुलीचं वागणं पाहून पीबडी चकित झाली आणि पुढच्याच वर्षी तिने इंग्रजी किंडरगार्टन काढलं. ते चाललं, पण आपण फ्रोबेलचं नाव लावून जुनीच शाळा लवकर सुरू केली आहे, असं तिला पुढे वाटू लागलं. 1867 मध्ये ती युरोपात जाऊन पद्धत शिकून आली.

तिसरा टप्पा सरकारी. सेंट लुईसमध्ये मुलं दहाव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडून कामाला लागत. शिक्षणाधिकारी विल्यम टोरी हॅरिस यांनी गणित मांडलं: मागची वर्षं वाढवता येत नसतील तर पुढे जोडा. 1873 मध्ये सुझन ब्लो यांच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी शाळेत किंडरगार्टन सुरू झालं. इकडे मिल्टन ब्रॅडली हा खेळण्यांचा कारखानदार फ्रोबेलची साधनं घाऊक बनवू लागला. स्थलांतरित शिक्षिका, इंग्रजी बोलणारी प्रचारक, पटलेला अधिकारी आणि माल पुरवणारा कारखाना: चारही जुळल्यावर कल्पनेला जर्मन भाषेची गरज उरली नाही.

बिघडलं ते याच यशात. चेंडू कोणत्या क्रमाने, कोणत्या ओळी म्हणत, किती अंतरावर धरायचा याची कवायत झाली. कट्टर फ्रोबेलवाद्यांना घनाच्या जागी बाहुली चालेना. जागा आणि पैसे वाचवायला सरकारी शाळांनी एका शिक्षिकेला सकाळ-दुपार दोन वर्ग दिले आणि दुपारी मुलांच्या आईंना भेटायला घरोघर जायची पद्धत मोडली. 1900 च्या सुमारास जॉन ड्युई आणि पॅटी स्मिथ हिल या शिक्षणतज्ज्ञांनी साधनांचा हट्ट सोडवला. हिलबाईंचे मोठे ठोकळे मुलांना आत बसता येईल अशी घरं बांधायला होते. फ्रोबेलची साधनं मागे पडली. पण 'लहान मूल खेळातून शिकतं' हे वाक्य आज अमेरिकेत कोणाला वादग्रस्त वाटत नाही. आपल्याकडच्या ज्युनिअर केजी, सीनियर केजीवाल्यांनी पाच वर्षांच्या मुलाला पानभर अंक गिरवायला देताना ते आठवावं.

रविवारचा तंटा

न्यू इंग्लंडच्या प्युरिटन वळणात रविवार म्हणजे चर्च, बायबल आणि शांतता. जर्मनांच्या लेखी सकाळी चर्च झालं की दुपार बागेत, बायकामुलांसह, गाणी आणि बिअर. 1855 मध्ये शिकागोचा महापौर लीव्हाय बून याने रविवारची दारूविक्री बंद करण्याचा जुना नियम बाहेर काढला आणि परवान्याची फी 50 डॉलरवरून 300 डॉलरवर नेली. पकडले गेले ते बहुतेक जर्मन विक्रेते. 21 एप्रिलला खटल्याच्या दिवशी जमाव कोर्टाकडे निघाला, क्लार्क रस्त्यावरच्या पुलापाशी पोलिसांशी झटापट झाली आणि एक जण मेला. पुढच्या वर्षी बूनचा गट हरला आणि फी पूर्ववत झाली.

भांडण दारूवर होतं, प्रश्न मात्र मोठा होता: बहुसंख्यांची धार्मिक शिस्त कायद्याने सगळ्यांवर लादता येते का? जर्मनांचं उत्तर 'नाही' होतं, आणि हळूहळू अमेरिकन रविवार त्यांच्या वळणावर गेला: उघडी संग्रहालयं, बागेतले बँड, बेसबॉलचे सामने. यात कारखान्यांतली सहा दिवसांची मजुरी आणि इतर स्थलांतरितांचाही हात आहे, एकट्या जर्मनांना श्रेय देणं बरोबर नाही. दारूच्या बाजूला मात्र त्यांनी स्वतःचा घात केला. 1901 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जर्मन-अमेरिकन संघटनेने दारूबंदीविरोधाला संस्कृतिरक्षणाचं नाव दिलं आणि पैसा दारूभट्टीवाल्यांकडून घेतला. पहिलं महायुद्ध लागल्यावर दारूबंदीवाल्यांना एकाच दगडात दोन पक्षी मिळाले.

नोकरी, जंगल, मजुरी

मार्गारेटचा नवरा कार्ल शुर्झ 1849 मध्ये राष्टाट किल्ल्याच्या वेढ्यातून गटारातून निसटलेला बंडखोर. अमेरिकेत तो जनरल, सिनेटर आणि 1877 ते 1881 गृहमंत्री झाला. इथे एक खुलासा हवा: त्या खात्याकडे पोलीस नसून जमिनी, जंगलं आणि आदिवासींचा कारभार असे. तेव्हा निवडणूक जिंकलेला पक्ष कारकुनापासून पोस्टमास्तरपर्यंत सगळ्या जागा आपल्या माणसांत वाटे. शुर्झने आपल्या खात्यात गुणवत्तेची परीक्षा आणली आणि 1883 च्या पेंडलटन कायद्यामागच्या चळवळीचा तो ठळक चेहरा होता. 'माझा देश बरोबर असो की चूक' या घोषणेला त्याने 1872 मध्ये सिनेटमध्ये जोड दिली: बरोबर असेल तर तसाच राखायचा, चूक असेल तर दुरुस्त करायचा. हा विचार अमेरिकन राजकारणात आजही उद्धृत होतो.

पण त्याचा पुतळा करण्याआधी बाकीचंही पाहावं. 1865 मध्ये दक्षिणेत फिरून कृष्णवर्णीयांवरच्या हिंसेचा कडक अहवाल लिहिणारा शुर्झ सहा-सात वर्षांत त्याच हिंसेविरुद्ध केंद्राने हात घालायला विरोध करू लागला. आदिवासी मुलांना घरापासून तोडून 'सुधारणारी' कार्लाइलची निवासी शाळा 1879 मध्ये त्याच्याच कारकिर्दीत उघडली.

जंगलाबाबत तो काळाच्या पुढे होता. ऐकणारे कमी होते. बर्नहार्ड फर्नो हा प्रशियात शिकलेला वनाधिकारी 1886 मध्ये वनविभागाचा प्रमुख झाला आणि 'जेवढं वाढतं तेवढंच तोडा' हे जर्मन वनशास्त्राचं सूत्र त्याने सरकारी भाषेत आणलं. 1898 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात वनमहाविद्यालय काढून अ‍ॅडिरोंडॅक डोंगरात 30,000 एकरांवर प्रयोग मांडला: जुनी रुंदपानी झाडं सरसकट तोडून पाइन आणि स्प्रूस लावायचे. कागदावर हिशेब बरोबर होता. शेजारच्या बंगलेवाल्या धनिकांना दिसला तो उघडा बोडका डोंगर आणि धूर. 1903 मध्ये गव्हर्नरने अनुदान कापलं आणि महाविद्यालय बंद पडलं. हेच जर्मन वनशास्त्र आपल्याकडे 1864 पासून डीट्रिश ब्रँडिस या बॉनच्या माणसाने राबवलं. अमेरिकेच्या वनखात्याचा पुढचा प्रमुख गिफर्ड पिंचो याच ब्रँडिसचा सल्ला घेऊन घरी परतला होता.

मजुरांच्या चळवळीत जर्मन छाप उघड दिसते. 1886 मध्ये शिकागोत आठ तासांच्या दिवसासाठी संप चालू असताना 4 मे रोजी हेमार्केटच्या सभेत बाँब फुटला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही. दोषी ठरवलेल्या आठांपैकी पाच जर्मनीत जन्मलेले होते. जर्मन कामगार वृत्तपत्राचा संपादक ऑगस्ट श्पीस त्यांपैकीच. चौघांना फाशी झाली, एक कोठडीतच मेला. उरलेल्या तिघांना 1893 मध्ये खटलाच अन्यायाचा होता असं सांगून माफी देणारा गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड हाही जर्मनीत जन्मलेला. पुढची निवडणूक तो हरला. जगभरच्या 1 मे च्या मागे शिकागोचा हाच संप आहे. मिलवॉकीत याच परंपरेतल्या समाजवाद्यांनी क्रांतीची भाषा बाजूला ठेवून नळ, गटारं आणि बागा नीट केल्या आणि 1910 ते 1960 या काळात तीन महापौर मिळून 38 वर्षं शहर चालवलं.

1935 चा कामगार संघटनांच्या हक्कांचा कायदा सिनेटर रॉबर्ट वॅग्नरच्या नावाने ओळखला जातो. वॅग्नर जर्मनीत जन्मला, आठ-नऊ वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. म्हणून हा कायदा जर्मन विचारांचा म्हणायचा? माझ्या मते नाही. 1911 च्या ट्रँगल कारखान्यातल्या आगीत 146 मजूर गेल्यावर कारखान्यांच्या चौकशी आयोगाचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं, आणि त्याची घडण त्या आयोगात झाली. जन्मगाव हा पुरावा नसतो.

विद्यापीठ आणि कवटीची मोजमापं

संशोधन करणारं विद्यापीठ, सेमिनार, प्रयोगशाळा, पीएचडी हे सगळं जर्मन असलं तरी ते मुख्यतः जर्मनीत शिकून परतलेल्या अमेरिकनांनी आणलं. 1876 चं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ हा त्याचा कळस. स्थलांतरितांचा धागा कोलंबियात सापडतो, आणि तिथून तो थेट महाराष्ट्रापर्यंत येतो.

एडविन सेलिगमन हा बव्हेरियातून आलेल्या ज्यू बँकरचा मुलगा. प्राध्यापकांच्या शैक्षणिक स्वातंत्र्याचा 1915 चा प्रसिद्ध जाहीरनामा तयार करणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष होता. जर्मन प्राध्यापकाला वर्गात मोकळीक होती, पण तो सरकारी नोकर होता. अमेरिकेत धोका सरकारपेक्षा विद्यापीठाला पैसा देणाऱ्या विश्वस्तांचा होता. म्हणून जाहीरनाम्याने दोन गोष्टी जोडल्या: वर्गाबाहेर बोलण्याचं स्वातंत्र्य, आणि सहकारी प्राध्यापकांच्या चौकशीशिवाय नोकरीवरून न काढण्याची हमी. दोनच वर्षांत कोलंबियाने युद्धविरोधी भूमिकेवरून दोघांना काढलं. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 याच सेलिगमनचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या प्रांतिक वित्तावरच्या प्रबंधाला प्रस्तावना सेलिगमनची आहे.

दुसरा माणूस फ्रान्झ बोआस. 1858 मध्ये मिंडेनला, 1848 च्या विचारांत वाढलेल्या ज्यू घरात जन्मलेला. त्याने स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मिळून जवळजवळ 18,000 माणसं मोजली. डोक्याची लांबी-रुंदी हे वंशाचं कायमचं लक्षण, असं तेव्हाचं शास्त्र सांगे. बोआसला दिसलं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांपेक्षा वेगळी आहेत: पूर्व युरोपीय ज्यूंची गोल डोकी लांबट झाली, सिसिलियनांची लांबट डोकी गोलसर. परिस्थितीने हाडही बदलत असेल तर स्वभाव आणि बुद्धी वंशाने ठरते हे म्हणणं कुठे टिकतं? 1924 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, तरीही वंशाच्या हिशेबानेच स्थलांतराचे कोटे ठरवले. शास्त्र हरलं, पण बोआसचे विद्यार्थी पुढच्या दोन पिढ्या अमेरिकन मानववंशशास्त्र चालवत राहिले.

त्यांतला एक, अलेक्झांडर गोल्डनवायझर. 9 मे 1916 रोजी त्याच्या सेमिनारमध्ये आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात त्यांनी म्हटलं की युरोपीय अभ्यासक स्वतःच वर्णद्वेषाने भारलेले असल्याने जातीच्या मुळाशी त्यांना रंगच दिसतो. जातीचा अनुभव आणि युक्तिवाद बाबासाहेबांचा स्वतःचा होता. पण असं म्हणणाऱ्याला गांभीर्याने ऐकणारे वर्ग जगात तेव्हा थोडे होते. पुढे दहा-बारा वर्षांनी बर्लिनमध्ये इरावती कर्व्यांनी ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्या मोजल्या आणि गुरूचा वंशसिद्धान्त आकड्यांत बसत नाही हे प्रबंधात लिहिलं.

1917 नंतर

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि वर्षभरात चित्र पालटलं. जर्मन वृत्तपत्रांना युद्धासंबंधी मजकुराचं भाषांतर पोस्टमास्तरकडे द्यावं लागे; अनेक बंद पडली. आयोवाच्या गव्हर्नरने शाळा, चर्च, सार्वजनिक जागा, एवढंच काय, टेलिफोनवरही इंग्रजीशिवाय भाषा बोलायला मनाई केली. 5 एप्रिल 1918 रोजी इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रेगर या खाण मजुराला जमावाने झाडाला टांगून मारलं. खटला झाला आणि सगळे आरोपी सुटले. 1915 मध्ये हायस्कूलची सुमारे 24 टक्के मुलं जर्मन शिकत होती; 1922 मध्ये हा आकडा 1 टक्क्याच्याही खाली होता.

पण याच दडपणातून एक हक्क निघाला. नेब्रास्काच्या 1919 च्या कायद्याने आठवी पास होईपर्यंत कोणत्याही मुलाला परकी भाषा शिकवायला बंदी घातली. हॅम्प्टन गावाजवळच्या लुथरन शाळेत रॉबर्ट मेयर दुपारच्या वाढीव सुट्टीत जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचून घेई. 25 मे 1920 रोजी दहा वर्षांचा मुलगा वाचत असताना सरकारी वकील दारात आला. इंग्रजीत वळलं असतं तर भागलं असतं; मेयर जर्मनमध्येच पुढे गेला. दंड 25 डॉलर. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात तो हरला. 4 जून 1923 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी दंड रद्द केला. निकाल लिहिणारे न्या. मॅक्रेनॉल्ड्स काही उदारमतवादी नव्हते. ज्यू सहकाऱ्याशी ते धड बोलतही नसत. पण त्यांनी लिहिलं की घटनेतल्या 'स्वातंत्र्या'त शिक्षकाचा शिकवण्याचा आणि आईबापाचा मूल वाढवण्याचा हक्क येतो.

घटनेत हा हक्क अक्षरात कुठेही लिहिलेला नाही. म्हणूनच या निकालाची पोच मोठी ठरली. 1925 मध्ये याच्या आधारे ऑरेगॉनचा खासगी शाळा बंद पाडणारा कायदा पडला, 1927 मध्ये हवाईतल्या जपानी शाळा वाचल्या, आणि कुटुंब व खासगी आयुष्याबद्दलच्या पुढच्या खटल्यांत, अगदी 2015 च्या समलिंगी विवाहाच्या निकालातही, मेयरचा दाखला आहे.

1972 मध्ये तो आमिश लोकांच्या कामी आला. विस्कॉन्सिनमधल्या तिघा बापांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवलं नाही म्हणून प्रत्येकी 5 डॉलर दंड झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने बापांच्या बाजूने कौल दिला. न्या. डग्लस यांनी काही अंशी वेगळं मत नोंदवलं: तीन कुटुंबांतल्या एकाच मुलीची साक्ष झाली, बाकीच्या मुलांना पुढे शिकायचं आहे का, हे कोणी विचारलंच नाही.